सां-दोमांगची फ्रेंच कागदपत्रं वाचताना या चुका टाळा

आजच्या हैतीच्या जागी होती ती फ्रेंच वसाहत म्हणजे सां-दोमांग. ऑगस्ट १७९१ मधल्या गुलामांच्या उठावापासून १ जानेवारी १८०४ च्या स्वातंत्र्यापर्यंतचे तिथले कागद चाळताना माणूस सगळ्यात जास्त फसतो तो तारखेत.

फ्रेंच क्रांतीच्या पंचांगाचं वर्ष १ सुरू होतं २२ सप्टेंबर १७९२ ला. महिने तीस-तीस दिवसांचे, अखेरीस पाच-सहा जादा दिवस. शकात डोळे मिटून ७८ मिळवणारा जसा माघात चुकतो, तसंच इथे होतं. वर्षाच्या सुरुवातीपासून, म्हणजे व्हांदेमिएरपासून, चौथ्या महिन्याच्या, निव्होजच्या, ९ ते ११ तारखेपर्यंत (वर्षानुसार) १७९१ मिळवायचे, पुढे १७९२. ब्रिटनकडून परत मिळालेल्या वसाहतींत गुलामगिरी चालू ठेवणारा कायदा ३० फ्लोरेआल, वर्ष १० चा. फ्लोरेआल आठवा महिना, म्हणून २० मे १८०२. इथे १७९१ मिळवले की कायदा १८०१ मध्ये, एकेकाळी गुलाम असलेला आणि पुढे वसाहतीचा कारभारी झालेला तूसां लूव्हेर्त्यूर याच्या ऐन सत्ताकाळात जाऊन बसतो. दिवसासाठीही सगळ्या वर्षांना एकच तक्ता लावू नका: वर्ष २ सुरू होतं २२ सप्टेंबरला, वर्ष ४ २३ ला आणि वर्ष १२ २४ ला.

जुन्या पद्धतीच्या तारखांत '७ब्र' दिसलं की जुलै लिहून मोकळं होऊ नका. तो सप्टेंबर. ८ब्र ऑक्टोबर, ९ब्र नोव्हेंबर, आणि रोमन दहाचा आकडा असेल तर डिसेंबर.

पॅरिसचा हुकूम त्याच दिवशी वसाहतीत लागू झाला असं धरणं ही त्याहून मोठी चूक. गुलामगिरी रद्द करणारा ठराव ४ फेब्रुवारी १७९४ चा, पण फ्रेंच सरकारचा आयुक्त सोंतोनाक्स याने सां-दोमांगच्या उत्तर प्रांतात ती २९ ऑगस्ट १७९३ लाच रद्द केली होती. उलट मार्टिनिक ही दुसरी फ्रेंच वसाहत १७९४ ते १८०२ इंग्रजांच्या ताब्यात. तिथे हा ठराव पोचलाच नाही.

एका पत्राच्या दोन-तीन प्रती सापडल्या तर त्या वेगळी पत्रं म्हणून मोजू नका. जहाज शत्रूच्या हाती पडेल या भीतीने प्रती वेगवेगळ्या जहाजांनी धाडत; वर 'द्युप्लिकाता' किंवा 'त्रिप्लिकाता' असा शेरा असतो. चर्चची नोंदवही किंवा नोटरीचा दस्त वसाहतीत जळाला असला, तरी आशा सोडू नका: १७७६ च्या फर्मानानुसार त्यांच्या प्रती फ्रान्सला जात. आज एक्स-आं-प्रोव्हांसच्या वसाहती अभिलेखागारात शोधा.

रकमा जोडण्याआधी लिव्र (तेव्हाचं चलन) कुठला ते बघा. वसाहतीचे ३ लिव्र म्हणजे फ्रान्सचे २, त्यामुळे मळ्याच्या हिशेबातले ९,००० लिव्र पॅरिसच्या ताळेबंदात ६,००० होतात.