नको ते मेल ब्लॉक करायचे कसे (आणि कुठले करायचे नाहीत)

मागच्या दिवाळीत घरी गेलो तर बाबांनी चहाच्या आधी फोन हातात दिला. "बघ रे जरा, मला मेल यायचेच बंद झालेत." उघडून बघतो तर जीमेल अकाउंटची १५ जीबी जागा फुल्ल. मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्हीला मिळून गुगल फुकटात तेवढीच जागा देतं आणि ती भरली की नवीन मेल आत येत नाहीत. आत काय होतं, तर शर्टांचे सेल, पर्सनल लोन, गुडघेदुखीचं तेल, कुठल्या तरी प्लॉटचं बुकिंग. आता गंमत अशी की बाबा गप्प बसले नव्हते, वर्षभर दिसला मेल की ब्लॉक, दिसला की ब्लॉक असं त्यांचं चालू होतं. त्या सपाट्यात पॉलिसीच्या हप्त्याची आठवण देणारा पत्तापण ब्लॉक झाला, का तर त्याच पत्त्यावरून एकदा नवीन प्लॅनची जाहिरात आलेली. हप्ता चुकला, लेट फी भरली, वर आईची बोलणी बसली ती वेगळीच.

तर ब्लॉक म्हणजे नक्की काय होतं ते आधी बघू, कारण बऱ्याच लोकांना वाटतं की ब्लॉक केलं की मेल परत जातो किंवा पाठवणाऱ्याला कळतं. जीमेलमधे तसं काहीच होत नाही. मेल येतोच, फक्त इनबॉक्सऐवजी स्पॅममधे जाऊन पडतो आणि ३० दिवसांनी आपोआप उडतो, समोरच्याला काही पत्ता लागत नाही. आधीचे आलेले मेल जिथल्या तिथे राहतात. आणि स्पॅममधे पडलेलंपण तुमच्या १५ जीबीतच मोजतात, म्हणजे नुसतं ब्लॉक करून जागा रिकामी होईल ही आशा सोडा, जुनं हाताने डिलीट करावं लागतं आणि मग ट्रॅशपण रिकामं करावं लागतं.

करायचं कसं, तर अँड्रॉइड फोनवर मेल उघडा आणि तीन टिंबं शोधा. पण ही टिंबं दोन ठिकाणी असतात आणि तिथेच सगळे अडकतात. एक स्क्रीनच्या एकदम वर कोपऱ्यात, त्यात 'रिपोर्ट स्पॅम' मिळेल. दुसरी पाठवणाऱ्याच्या नावाच्या ओळीत उजव्या हाताला, 'ब्लॉक' त्यात आहे. कॉम्प्युटरवर मेलच्या वर उजवीकडे रिप्लायच्या बाणाशेजारी टिंबं दिसतील, तिथे ब्लॉकपण आहे आणि 'रिपोर्ट फिशिंग'पण (फिशिंग म्हणजे बँक किंवा सरकारी खातं असल्याचं भासवून फसवणारा मेल). झालं, एवढंच.

पण खरं सांगू का, दहातल्या आठ मेलना ब्लॉक हा इलाजच नाही.

दुकानांचे मेल घ्या. मॉलमधे बिल करताना काउंटरवरची मुलगी विचारते "सर, मेल आयडी?" आणि आपण मागे लाईन आहे म्हणून देऊन टाकतो. असली मेल खऱ्या कंपनीची असतात, ती ब्लॉक न करता अनसबस्क्राइब करा, म्हणजे त्यांच्या यादीतून आपलं नाव काढून घ्या. मेलच्या तळाला बारीक करड्या अक्षरात लिंक असते ती शोधत बसायची गरज नाही, जीमेल स्वतःच वर पाठवणाऱ्याच्या नावाजवळ 'अनसबस्क्राइब' दाखवतं, ते दाबा. २०२४ मधे जीमेल आणि याहू दोघांनी नियम लावला की जो ढिगाने मेल पाठवतो (जीमेलच्या हिशोबात दिवसाला ५००० च्या वर) त्याने जाहिरातीच्या मेलमधे एका क्लिकमधे अनसबस्क्राइब द्यायचंच आणि दोन दिवसात नाव काढायचं. म्हणून हल्ली हे बऱ्यापैकी चालतं, पूर्वी "तुमची विनंती नोंदवली आहे" म्हणून पुन्हा तेच सुरू व्हायचं. आणि २०२५ च्या जुलैपासून जीमेलच्या डावीकडच्या मेनूत 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' म्हणून एक पान आलंय, तिथे कोण कोण किती मेल पाठवतंय त्याची यादीच मिळते. बाबांच्या फोनवर मी ते उघडलं आणि आम्ही दोघं फराळ खात खात एकेक कापत बसलो, चकलीच्या तेलाने स्क्रीनची वाट लागली पण अर्ध्या तासात बहुतेक सगळे सेल संपले.

आता फ्रॉडवाले. इथे उलटं करायचं, अनसबस्क्राइबला अजिबात हात लावायचा नाही, कारण ते दाबलं की त्यांना कळतं हा पत्ता जिवंत आहे, कोणीतरी वाचतंय. ब्लॉकचापण फार उपयोग नाही कारण ही मंडळी दर वेळी नवीन पत्त्यावरून येतात. यांना 'रिपोर्ट स्पॅम' नाहीतर 'रिपोर्ट फिशिंग', म्हणजे जीमेलला असल्या मेलची ओळख पटत जाते.

पण फ्रॉड ओळखायचा कसा? बाबांच्या इनबॉक्समधे एक मेल होता, वर मोठ्या अक्षरात नाव इन्कम टॅक्स डिपार्टमेंट, विषय रिफंड मंजूर, आणि बाबा तो जपून ठेवून बसलेले. मी म्हटलं नावावर जाऊ नका, नाव कोणीही काहीही टाकू शकतो, नावाखाली 'टू मी' असं लिहिलेलं असतं त्याच्यावर दाबा. दाबलं तर खरा पत्ता बाहेर आला, सतरा-अठरा अक्षरांची खिचडी आणि पुढे साधं जीमेल डॉट कॉम. सरकारी खातं कशाला जीमेलवरून मेल करेल? बाबा दोन मिनिटं गप्प होते. बँकेच्या बाबतीत अजून एक खूण आहे, रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या वेबसाइट 'डॉट बँक डॉट इन' वर न्यायला सांगितलं होतं आणि हे नाव फक्त बँकांनाच मिळतं. त्यामुळे मेलमधल्या लिंकवर क्लिक न करता बोट दाबून धरा, पूर्ण पत्ता दिसतो, त्यातल्या वेबसाइटच्या नावाचा शेवट भलताच असेल तर मेल सरळ रिपोर्टमधे. आणि पैसे गेलेच असतील तर मेलच्या मागे लागत बसू नका, आधी १९३० या सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनला फोन करा.

अजून एक प्रकार, मेल तुमच्याच पत्त्यावरून तुम्हालाच आलेला दिसतो, मी तुमचा कॅमेरा हॅक केलाय, एवढे बिटकॉइन द्या वगैरे. घाबरून स्वतःलाच ब्लॉक करू नका, पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो एवढाच त्याचा अर्थ. जाता जाता एक, लोक विचारतात डीएनडी केलंय तरी मेल कसे येतात, तर १९०९ या नंबरवर जाहिराती बंद करायला लावतात ते डीएनडी फक्त कॉल आणि एसएमएसपुरतं आहे, मेलशी त्याचा संबंध नाही.

आता माझा स्वतःचा त्रास. माझं नाव आणि आडनाव दोन्ही इतकं कॉमन आहे की वर्गात आम्ही तिघं होतो. त्यामुळे कुठल्या तरी नावबंधूचं ब्रॉडबँडचं बिल, त्याच्या मुलाच्या शाळेची फी, मधे तर त्याचं गोव्याच्या हॉटेलचं बुकिंग, सगळं मला येतं. त्या बिचाऱ्याला बहुतेक वाटतं की नावाच्या मधे टिंब दिलं की त्याचा पत्ता वेगळा झाला. जीमेल टिंबं मोजतच नाही, टिंब द्या, नका देऊ, पत्ता एकच. या मेलना अनसबस्क्राइब नसतं कारण ती जाहिरात नाही, स्पॅम म्हणून रिपोर्ट करावं तर ती खरी बिलं आहेत, कंपनीला कळवलं तर उत्तर आलं "प्रिय ग्राहक, लॉगिन करून पत्ता बदला". मी ग्राहकच नाही तर लॉगिन काय करू, कपाळ!

अशा वेळी फिल्टर, म्हणजे अमुक मेल आला की त्याचं काय करायचं हे जीमेलला आधीच सांगून ठेवायचं. हे फोनच्या ॲपमधे होत नाही, कॉम्प्युटरवर बसावं लागतं. वरच्या सर्चच्या चौकटीत उजवीकडे रेघांचं छोटं चिन्ह आहे ते दाबलं की फॉर्म उघडतो. 'फ्रॉम'मधे पाठवणाऱ्याचा पत्ता टाका. एकच कंपनी पाच वेगवेगळ्या पत्त्यांवरून पाठवत असेल तर नुसतं @ आणि त्याच्या पुढचा भाग टाका, सगळे एकदम येतात. मग आधी 'सर्च' दाबून बघा की काय काय सापडतंय, ही पायरी कोणी करत नाही आणि मग रडतात. यादी बरोबर वाटली तर परत तोच फॉर्म उघडून 'क्रिएट फिल्टर', आणि तिथे 'डिलीट इट' वर टिक. खाली जुन्या मेलनापण लावायचं का असं विचारतं, तिथेही टिक केली की जुना कचरापण जातो. डिलीट झालेलं ३० दिवस ट्रॅशमधे असतं, म्हणजे चूक झाली तर महिनाभर मुदत आहे.

दोन ठिकाणी मात्र सांभाळा. @ च्या पुढे जीमेल डॉट कॉम असेल तर हे चुकूनही करू नका, अर्धं गाव डिलीट होईल. आणि बँक, विमा, म्युच्युअल फंड यांचा अख्खा @ कधी कापायचा नाही, स्टेटमेंट आणि ओटीपी तिथूनच येतात. त्यांच्या जाहिराती बहुतेक वेळा वेगळ्या पत्त्यावरून येतात, तेवढा एक पूर्ण पत्ता घ्या. पत्ता एकच असेल, बाबांच्या पॉलिसीसारखा, तर 'फ्रॉम'मधे पत्ता आणि 'सब्जेक्ट'मधे जाहिरातीत हमखास येणारा शब्द टाका, मग दोन्ही जुळलं तरच मेल उडतो.

सोसायटीच्या मेलचं काय? आमच्याकडे पार्किंगच्या पट्ट्यांवरून एक मेल आला आणि रिप्लाय ऑल, रिप्लाय ऑल करत चाळीसच्या वर गेला. सेक्रेटरींना ब्लॉक करता येत नाही कारण मेंटेनन्सचं बिल आणि वार्षिक सभेची नोटीस त्यांच्याकडूनच येणार. त्याला 'म्यूट' आहे, तो मेल उघडून स्क्रीनच्या वरच्या टिंबांच्या मेनूत मिळेल, त्या एका विषयावरचे पुढचे रिप्लाय मग इनबॉक्समधे येत नाहीत, भांडू देत ज्याला भांडायचंय त्याला.

आयफोनचं स्वतःचं मेल ॲप वापरत असाल तर पाठवणाऱ्याच्या नावावर दाबून ब्लॉक करता येतं, पण सेटिंगमधे जाऊन ब्लॉक केलेल्यांचे मेल ट्रॅशमधे टाकायचे असं निवडा, नाहीतर ते नुसती खूण करून इनबॉक्समधेच ठेवू शकतं. आउटलुकवाल्यांनी सेटिंगमधे जंक ईमेल शोधा, तिथे ब्लॉकची यादी आहे.

आणि जीमेलवर अधूनमधून आपली यादी तपासा. कॉम्प्युटरवर सेटिंगचं चाक, 'सी ऑल सेटिंग्ज', त्यात 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस'. बाबांची यादी उघडली तर चांगली दोन-तीन स्क्रीन लांब. वरून खाली वाचत गेलो, पॉलिसीवाला अनब्लॉक, गॅस एजन्सी अनब्लॉक, त्यांची स्वतःची बँक, तीपण अनब्लॉक. मग एक ओळखीचा पत्ता दिसला, आत्याच्या मिस्टरांचा, जे रोज सकाळी सुविचार आणि सूर्योदयाचा फोटो पाठवतात. म्हटलं बाबा, हे काकापण चुकून ब्लॉक झालेत, काढतो.

"ते चुकून नाही झालेलं," बाबा चकली मोडत म्हणाले. "राहू दे तसंच."