क्रिस्टल ग्रिड मांडताय? या चुका टाळा

क्रिस्टल ग्रिड म्हणजे मनातली इच्छा चिठ्ठीवर लिहून मधे ठेवायची आणि कागदावर काढलेल्या वर्तुळांच्या आकृतीवर तिच्याभोवती खडे मांडायचे. ग्रिड मांडून महिना झाला, काहीच जाणवत नाही, असा निरोप आला की मी आधी फोटो मागते. एक बरोब्बर वरून काढलेला आणि एक खोलीचा. बहुतेक वेळा निम्मा गोंधळ तिथेच दिसतो. वर्तुळ अंड्यासारखं ताणलेलं असतं, कागद पंख्याने उडू नये म्हणून कोपऱ्यावर मोबाइलचा चार्जर ठेवलेला असतो आणि मधोमध पिवळ्या सिट्रिनच्या भावात घेतलेला, मुळात जांभळा पण भाजून पिवळा केलेला अमेथिस्ट बसलेला असतो. फोटोत न दिसणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मधल्या खड्याखाली घडी घालून ठेवलेल्या चिठ्ठीवरचं वाक्य. ते वाचून दाखवा म्हटलं की पुष्कळ जण अडखळतात. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

चिठ्ठीवरचं वाक्य

"समृद्धी यावी", "सगळं छान व्हावं", "मनःशांती". नव्वद टक्के गुण मिळवणारी शहाणी माणसं ग्रिडखाली अशी वाक्यं ठेवतात. यात चूक अशी की वाक्यात कोण, कधी, काय करणार हे काहीच नाही.

आपल्याकडे याचा उत्तम नमुना आधीपासून आहे. सत्यनारायणाला बसल्यावर गुरुजी संकल्प सोडायला लावतात, तो आठवा. भरतखंड, जंबुद्वीप, मग गोदावरीचा दक्षिण तीर, मग शक, संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार, मग यजमानाचं नाव नि गोत्र. इतका पत्ता नीट सांगून झाला की काम काय ते येतं आणि शेवटी येतं 'करिष्ये'. लगेच उजव्या हातावरून पळीभर पाणी ताम्हनात. लहानपणी मला वाटायचं, देवाला एवढा पत्ता कशाला लागतो? पत्ता बसणाऱ्यासाठी असतो हे बऱ्याच उशिरा कळलं. आणि 'करिष्ये' म्हणजे 'मी करीन'. 'मला मिळो' असं तिथे कुणी म्हणत नाही.

चिठ्ठी तशीच लिहा. "संगीतात यश मिळो" असं न लिहिता "गुढीपाडव्यापर्यंत मी रोज सकाळी अर्धा तास पेटीवर बसेन" असं लिहा. "कर्ज फिटावं" याऐवजी "दर महिन्याच्या पाच तारखेला मी कार्डाचा हप्ता भरीन, दिवाळीपर्यंत नवीन खरेदी करणार नाही." वाक्यातलं क्रियापद तुमचं हवं. ग्रिडसमोर रोज पाच मिनिटं बसलात की ते क्रियापद डोळ्यांपुढे येतं. माझ्या अनुभवात ग्रिडचं खरं काम एवढंच आहे, आणि ते कमी नाही.

खड्यांतून काही 'ऊर्जा' वाहते का, यावर वाद घालायची माझी इच्छा नाही, पण लपवायचीही नाही. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी २००१ च्या सुमारास एक प्रयोग मांडला होता. काही जणांच्या हातात खरा क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिक दिला, काहींच्या हातात नकली. कोणता कोणाचा हे त्यांना सांगितलं नाही. मुंग्या येणं, ऊब जाणवणं, मन शांत होणं हे अनुभव दोन्हीकडे सारखेच निघाले. मी त्यातून माझ्यापुरता अर्थ असा घेतला की महागडा खडा घेण्यात काही हशील नाही. दुसरा अर्थही आहे: मधुमेह, रक्तदाब, गाठ, सततची उदासी यांच्यासाठी ग्रिड मांडून औषध थांबवणं हा मूर्खपणा आहे. गोळी घ्या, मग हवं तर ग्रिडपाशी बसा.

एका ग्रिडखाली पाच इच्छा कोंबू नका. आणि दुसऱ्याच्या नावाने, त्याला न विचारता मांडू नका. "सुनेचा स्वभाव बदलावा" अशी चिठ्ठी मी प्रत्यक्ष पाहिली आहे. त्यात क्रियापदही सुनेचंच होतं.

वर्तुळ वाकडं

नेटवरून 'फ्लॉवर ऑफ लाइफ', म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांची फुलासारखी आकृती उतरवून घेतात, झेरॉक्सच्या दुकानात "पान भरून काढा" म्हणतात आणि चौकोनी चित्र ए-फोर कागदावर उभं ताणलं जातं. डोळ्याला पटकन कळत नाही, पण खडे मांडताना डावी-उजवीकडचे दाटीने बसतात आणि वर-खालचे लांब पडतात. मग "मांडणी जुळतच नाही" ही तक्रार येते. दोरा घ्या, वर्तुळ आडवं मोजा, उभं मोजा. दोन्ही सारखं आलं तरच कागद वापरा.

त्याहून सोपं म्हणजे घरातली कंपासपेटी काढा. एक वर्तुळ काढा, कंपासचं अंतर तसंच ठेवून परिघावर खुणा करत जा. त्रिज्या परिघावर बरोबर सहा वेळा बसते, पट्टी लागत नाही की कोनमापक लागत नाही. त्या सहा खुणांवर तेवढीच सहा वर्तुळं काढली की मधे सहा पाकळ्यांचं फूल तयार. ठिपक्यांची रांगोळी काढलेल्या हाताला हे पाच मिनिटांचं काम आहे. मधे एक, आतल्या फेरीत सहा, बाहेरच्या फेरीत सहा असे तेरा खडे नवख्याला पुरे. पंचकोनाच्या वाटेला पहिल्यांदा जाऊ नका. त्याला ७२ अंशांचा कोन मोजावा लागतो आणि एक अंश चुकला की शेवटची बाजू तोंड वेंगाडते.

श्रीयंत्रावर खडे मांडायची हौस अनेकांना असते. चार ऊर्ध्वमुख आणि पाच अधोमुख त्रिकोण एकमेकांत गुंतून त्रेचाळीस छोटे त्रिकोण होतात, आणि जिथे तीन रेषा एकाच बिंदूत मिळायला हव्यात तिथे बाजारी छपाईत त्या बऱ्याचदा चुकतात. शिवाय त्रिकोण इतके बारीक की टम्बल, म्हणजे घासून गुळगुळीत केलेला छोटा खडा ठेवला की खालचं काही दिसत नाही. देवघरातलं पूजेतलं यंत्र तर ग्रिडचा पाट म्हणून मुळीच वापरू नका. घरात आजी असेल तर ती सांगेलच, जरा वरच्या पट्टीत.

टोकदार खड्यांची, म्हणजे पेन्सिल पॉइंटची दिशा हा आणखी एक घोळ. करणारे असं मानतात की टोक बाहेर असेल तर ऊर्जा पाठवायची, आत असेल तर ओढून घ्यायची. तुम्ही कोणतंही धरा, पण सहाही एकाच दिशेने ठेवा. चार आत नि दोन बाहेर अशी मांडणी फोटोत पाहिली की मला चौकातली ट्रॅफिक आठवते.

आणि मिसळ करू नका. दुकानदाराने दिलेल्या पाकिटात अठरा प्रकारचे खडे होते म्हणून अठराही मांडायचे नसतात. दोन-तीन प्रकार बास.

खडा कोणता आहे हे न कळता मांडणं

गडद नारिंगी, बुडाशी पांढरट, झुबक्यात वाढलेला 'सिट्रिन' बहुधा भाजलेला अमेथिस्ट असतो. अमेथिस्टचा जांभळा रंग त्यातल्या लोहामुळे आणि नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे येतो. चारशे-पाचशे अंशांच्या आसपास तापवला की तो पिवळा-नारिंगी होतो. मुळातला सिट्रिन फिका, धुरकट पिवळा असतो. भाजलेला खडा वापरायला हरकत काहीच नाही, फक्त पैसे त्या हिशेबाने द्या. 'ओपलाइट' ही काच आहे. 'चेरी क्वार्ट्झ' ही काच आहे. चमचमता 'गोल्डस्टोन' माणसाने बनवलेली काच आहे. स्वस्त 'फिरोजा' पुष्कळदा रंगवलेला हाऊलाइट, म्हणजे मुळात पांढरा खडा असतो. नेलपॉलिश काढायच्या द्रावणात कापूस बुडवून खड्याच्या मागच्या बाजूला घासा, निळा कापूस आला की कळलं.

स्फटिकाच्या गोळ्याची परीक्षा आणखी मजेची आहे. कागदावर एक केस ठेवा, त्यावर गोळा धरून फिरवत बघा. खऱ्या क्वार्ट्झमधून एखाद्या कोनातून केस दुहेरी दिसतो, काचेतून तो एकच राहतो. काचेत गोल बुडबुडेही सापडतात. आणि खरा स्फटिक गालाला लावला की काचेपेक्षा जास्त गार लागतो.

जाता जाता एक सांगायलाच हवं. परदेशातल्या दुकानांत ध्यानासाठी म्हणून जो ॲपोफिलाइट आणि स्टिल्बाइट मोठ्या किमतीला विकला जातो, तो बऱ्याचदा आपल्या पुणे, नाशिक, जळगावच्या खाणींतला असतो. दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत हे स्फटिक वाढले. गडद निळ्या कॅव्हन्साइटसाठी तर पुण्याजवळची वाघोली जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एक दुपार घालवा, डोळा तयार होईल. कुरियरने परदेशातून मागवलेला खडा कदाचित तुमच्याच जिल्ह्यातून गेलेला असेल.

पाणी, मीठ, ऊन

सगळ्यात जास्त खडे इथे मरतात. खडे 'शुद्ध' करायला "रात्रभर मिठाच्या पाण्यात, मग दिवसभर उन्हात" ही सरसकट कृती कुणीतरी लिहिली आणि सगळ्यांनी पाठ केली.

सेलेनाइट म्हणजे जिप्सम. गणपतीच्या मूर्तींचं प्लास्टर ऑफ पॅरिस ज्या जिप्समपासून बनतं, तोच. तो नखानेही ओरखडतो आणि पाण्यात हळूहळू विरघळतो. धुतलेली सेलेनाइटची कांडी निस्तेज आणि खरखरीत होते, ती परत चकाकत नाही. पायराइटला पाणी लागलं की गंज चढतो. त्यात लोह आणि गंधक असतं, त्यामुळे मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तो नुसता उघड्यावर ठेवला तरी कधी कधी पांढरी भुकटी धरतो आणि आंबूस वास मारतो. जूनपासून त्याला सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत घाला. मिठाच्या थरावर मांडलेल्या ग्रिडचंही तेच: पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं आणि खालचा कागद, पाट, खडे सगळं चिकट होतं. मीठ हवंच असेल तर ते वाटीत, खड्यांपासून वेगळं ठेवा.

ऊन अमेथिस्टचा रंग उतरवतं, गुलाबी 'रोज क्वार्ट्झ'चा आणि काही फ्लोराइटचाही. स्फटिकाचा गोळा उन्हाच्या खिडकीत कधीच ठेवू नका. तो भिंगासारखा ऊन एकवटतो आणि पडदा, कागद पेटू शकतो. कोजागरीला दुधासोबत खडे गच्चीवर नेण्याची नवी पद्धत छान वाटते, पण दव पडतं हे लक्षात ठेवा. सेलेनाइट घरातच राहू दे.

मॅलाकाइट तांब्याचा. तो किंवा त्याच्यासारखा कोणताही खडा पिण्याच्या पाण्यात टाकून 'चार्ज केलेलं पाणी' पिऊ नका. लिंबू-व्हिनेगरने तर तो चांगलाच झिजतो.

मग शुद्ध कसं करायचं? क्वार्ट्झ, अगेट, जास्पर हे साध्या पाण्याने धुऊन पुसा. बाकी सगळ्यांना मऊ ब्रश, कोरडं फडकं. विधीची जोड हवी असेल तर धुपाटण्यावरून खडा तीनदा फिरवा किंवा घंटा वाजवा. धूर आणि आवाज यांनी कोणताही खडा बिघडत नाही.

जागा

पलंगाखाली, टीव्हीवर, जाण्यायेण्याच्या वाटेवर नको. घरात रांगतं मूल असेल तर जमिनीवर अजिबात नको, टम्बल नेमका घशात अडकेल एवढाच असतो. मांजर असेल तर झाकण असलेला उथळ डबा घ्या. कामाला येणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवा. एकदा माझी तेरा खड्यांची ग्रिड त्यांनी पुसून, धुऊन, एका वाटीत गोळा करून ठेवली होती. सेलेनाइटसकट. दोष माझाच.

मांडून झाल्यावर

सगळे खडे बसले की पेन्सिल पॉइंटने मधून बाहेर, बाहेरून मधे अशी रेघ हवेत ओढत सगळे ठिपके जोडायचे असतात. हे करताना दुसऱ्या हातात मोबाइल धरून रील काढू नका. चिठ्ठीवरचं वाक्य मोठ्याने म्हणा. म्हणताना लाज वाटली तर वाक्य अजून नीट झालेलं नाही, पुन्हा लिहा.

खडा तडकला की फोन येतो, "नजर ओढून घेतली का?" आधी बघा, एसीचा झोत आणि दुपारचं ऊन दोन्ही तिथे येतात का. फ्लोराइट, कॅल्साइट, ॲपोफिलाइट यांना ठरावीक दिशांनी सहज चिरण्याचा स्वभावच असतो. तुकडा फेकायची गरज नाही, कुंडीत ठेवा.

सहा महिने धूळ खात पडलेली ग्रिड ही सगळ्यात नेहमीची तक्रार, आणि ती मांडणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. मांडतानाच उचलायची तारीख चिठ्ठीच्या मागे लिहा. आठवड्यातून एकदा पुसायची असेल तर आधी वरून फोटो काढा, म्हणजे खडे जागच्या जागी परत बसतील. तारीख आली की बाहेरच्या फेरीपासून आत येत एकेक खडा उचला, मधला सगळ्यात शेवटी. मग घडी उघडून चिठ्ठी वाचा, झालं त्याच्यापुढे बरोबरची खूण करा, राहिलं असेल ते नव्या तारखेने नव्या कागदावर लिहा.