वेबसाइटचे रंग ठरवायला बसण्याआधी

नागपुरातल्या दुकानाची वेबसाइट करायची म्हटली की मालकांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "भाऊ, केशरी तर पाहिजेच!" संत्र्यांचं गाव आहे, मेट्रोची एक लाइनसुद्धा ऑरेंज. नाही म्हणू नका. फक्त केशरी कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे त्यांच्यासमोर बसूनच ठरवून टाका.

नेहमीच्या केशरी बटणावर पांढरी अक्षरं टाकली तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातल्या फरकाचं गुणोत्तर, २:१ च्या आसपासच भरतो. त्याच केशरीवर काळी अक्षरं टाका, तो १०:१ च्या आसपास जातो. दुकानदाराला काळं नको असेल तर खूप गडद तपकिरी दाखवा, बहुतेक पटतं. पांढऱ्या पानावर केशरी अक्षरंच हवी असतील तर रंग विटकरीकडे झुकेपर्यंत गडद करा. लोगोला मात्र हा नियम लागू नाही, तो खुशाल संत्र्यासारखा राहू द्या.

मोजायचं कशाशी, तेही आधी माहीत असू द्या. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी या जागतिक मार्गदर्शिकेच्या एए या मधल्या पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ लागतं. २४ पिक्सेल किंवा त्याहून मोठ्या अक्षरांना ३:१ चालतं. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१:१, त्यापुढे काही नाही. पांढऱ्यावर ७६७६७६ या कोडचा राखाडी ४.५४ ला पास होतो आणि त्याच्या शेजारचा ७७७७७७ हा ४.४८ ला नापास. ४.४८ ला ४.५ धरता येत नाही. आणि तो पास झालेला राखाडीही पान क्रीम रंगाचं केलं की पडतो, म्हणून प्रत्येक रंग त्याच्या खऱ्या पार्श्वभूमीवरच तपासा. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये अक्षरांच्या रंगाचा चौकोन दाबला की हा आकडा तिथेच दिसतो. वेगळं काही घ्यावं लागत नाही.

दोन रंग वेगळे दिसतात म्हणून वाचता येतात असं नाही, उजेडातला फरक लागतो. भडक लाल आणि मध्यम हिरवा एकमेकांवर ठेवले तर जेमतेम १.३:१. शिवाय लाल-हिरव्यात गोंधळ होणारे गिऱ्हाईक असतातच, पुरुषांत जास्त. त्यामुळे 'माल आहे' हिरवा ठिपका आणि 'माल संपला' लाल ठिपका एवढ्यावर भागवू नका, शेजारी शब्द लिहा. फॉर्ममधली चूकही नुसत्या लाल चौकटीने दाखवू नका. मजकुरातल्या लिंकला खाली रेघ असू द्या, डिझायनर कितीही नाक मुरडो.

देवनागरीसाठी माझा हात थोडा कडक असतो. बारीक वजनाच्या फॉन्टमध्ये फिकट रंग दिला की पहिल्यांदा अनुस्वार आणि रफार जातात, शिरोरेघ तेवढी दिसत राहते. 'वर्धा रोड' आणि 'सीताबर्डी' हे दोन शब्द आपल्या फॉन्टमध्ये, आपल्या रंगात, पत्ता ज्या आकारात छापणार त्याच आकारात लिहून पाहा. रफार शोधावा लागला तर रंग गडद करा किंवा वजन वाढवा. मी मराठी मजकुराला ७:१ च्या खाली शक्यतो जात नाही.

मग उन्हाची परीक्षा. एसीतल्या मॉनिटरवर सगळंच छान दिसतं. गिऱ्हाईक मात्र मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, बर्डीच्या बाजारात रस्त्यात उभं राहून दुकानाचा नंबर शोधत असतं. मध्यम किमतीचा एक फोन घ्या, दुपारी बाहेर उभे राहा, आणि फोन नंबर, भाव, 'ऑर्डर करा' हे बटण एवढं वाचता येतं का पाहा. घरातल्या साठीच्या माणसाच्या हातात दिला तर आणखी बरं, ते तोंडावर सांगतात.

फोटोवर मजकूर टाकायचाच असेल तर मध्ये गडद पट्टी घाला. बर्फीच्या ताटावर पांढरी अक्षरं चांदीच्या वर्खात हरवतात.

शेवटी, पास झालेल्या जोड्या एका पानावर लिहा: कुठली अक्षरं, कुठली पार्श्वभूमी, किती गुणोत्तर. ते पान पोळ्याच्या आणि दिवाळीच्या ऑफरचे बॅनर करणाऱ्या पोराला आधीच द्या. साइट बिघडते ती बहुधा तिथूनच, लाल पट्टीवर पिवळ्याऐवजी हिरवं 'सूट' लिहून.