कॅलेंडर सिंक होत नाही? फोन रिसेट करण्याआधी नोंद कुठे आहे ते बघा

इंदूरला आईने डॉक्टरची अपॉइंटमेंट फोनमध्ये टाकली, पण पुण्यातल्या मुलीच्या फोनवर ती उमटलीच नाही. अशा वेळी रिसेटकडे वळू नका. आधी आईच्याच अकाउंटने कॉम्प्युटरवर गूगल कॅलेंडर उघडा. नोंद तिथे दिसली, तर आईचा फोन बरोबर आहे. मग मुलीचा फोन तपासा, आणि आईने कॅलेंडर तिच्याशी शेअर केले आहे का ते बघा. दिसली नाही, तर नोंद आईच्या फोनमधून बाहेरच पडलेली नाही.

याचं नेहमीचं कारण म्हणजे नोंद जीमेलच्या (म्हणजे गूगल अकाउंटच्या) कॅलेंडरऐवजी फोनच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये पडते. सॅमसंगवर त्याला 'माय कॅलेंडर' म्हणतात. त्यातली नोंद गूगलकडे जातच नाही, कितीही रिसेट करा. नोंद उघडून खाली कोणत्या कॅलेंडरचं नाव आहे ते वाचा. जीमेल नसेल तर तीच नोंद जीमेल निवडून पुन्हा टाका.

जीमेल असूनही अडलं असेल, तर सिंकची बटणं दोन ठिकाणी असतात आणि दोन्ही चालू लागतात: अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, गूगल, अकाउंट सिंक, कॅलेंडर, आणि गूगल कॅलेंडर अॅपच्या सेटिंग्जमध्ये त्या कॅलेंडरच्या नावाखाली. बॅटरी सेव्हर आणि डेटा सेव्हर थोडा वेळ बंद करा, कारण ते मागे चालणारं सिंक थांबवतात. मग अकाउंट सिंकमधल्या तीन टिंबांतून 'सिंक नाऊ' दाबा.

नोंद येते पण वेळ चुकते, तो सिंकचा दोष नाही. अमेरिकेहून गणपतीला आलेल्या भावाचा फोन न्यूयॉर्कच्याच वेळेवर राहिला, तर अनंत चतुर्दशीला झांकी (देखाव्यांची मिरवणूक) बघायला निघायची संध्याकाळी 7 ची वेळ त्याला सकाळी 9:30 दिसेल. तारीख-वेळ आणि टाइम झोन ऑटोमॅटिक करा.

एवढ्यानेही जमलं नाही तर फोन रीस्टार्ट करा, आणि मग कॅलेंडरपुरतं रिसेट. सेटिंग्ज, अॅप्स, गूगल कॅलेंडर, स्टोरेज. आधी फक्त 'क्लिअर कॅश'. फरक पडला नाही तर अॅप्सच्या यादीत 'शो सिस्टिम' करून 'कॅलेंडर स्टोरेज' शोधा आणि त्याचा डेटा क्लिअर करा. सगळ्या अॅप्सच्या नोंदी या एकाच कोठारात असतात, म्हणून इथेच जपायचं: फोनपुरत्या नोंदी आणि अजून गूगलकडे न गेलेले बदल कायमचे जातात. त्या आधी जीमेलमध्ये टाकून कॉम्प्युटरवर दिसतात का ते पाहा. फोनवरून चढत नसतील तर कॉम्प्युटरवरच हाताने टाका. डेटा क्लिअर केल्यावर कॅलेंडर रिकामं दिसेल. घाबरू नका, वायफायवर 'सिंक नाऊ' करून काही मिनिटं थांबा.

फॅक्टरी रिसेटची वेळ क्वचितच येते. आलीच तर फोटो आणि व्हॉट्सअॅपचा बॅकअप घ्या आणि गूगलचा पासवर्ड आधी दुसऱ्या फोनवर वापरून बघा. नंतर तो विचारला जाऊ शकतो, आणि आठवला नाही तर फोन अडून बसू शकतो.