रोमन चांदीची नाणी ओळखताना या चुका टाळा

देनारियस म्हणजे रोमन चांदीचं नाणं. त्यावरचं नाव वाचता आलं की नाणं ओळखलं, असं नवख्या संग्राहकाला वाटतं. पण आपण कुणाचे वारस हे सम्राट नाण्यांवरूनही ठसवत, आणि फसगत तिथेच होते.

सर्वांत मोठा घोळ ‘अँटोनायनस’ या नावाचा. सम्राट सेप्टिमियस सेव्हरसने इ.स. १९५ मध्ये स्वतःला आधीचा सम्राट मार्कस ऑरेलियस याचा मुलगा जाहीर केलं. मार्कसला जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती! थोरल्या मुलालाही त्याने त्याच घराण्याचं ‘अँटोनायनस’ हे नाव दिलं. तोच काराकाला, मात्र हे टोपणनाव त्याच्या नाण्यांवर सापडणार नाही. तिथे असतं ‘अँटोनायनस पायस ऑग’ (‘ऑग’ म्हणजे ‘ऑगस्टस’, सम्राटाची पदवी), आणि विक्रेते ते खुशाल मार्कसच्या आधीचा सम्राट अँटोनायनस पायस याचं म्हणून खपवतात. शब्दांचा क्रम बघा. खऱ्या पायसच्या नाण्यांवर बहुधा ‘ऑग पायस’ असतं. चेहराही बघा: पायस गादीवर आला तेव्हा पन्नाशी उलटलेला, दाढीवाला, काराकाला सुरुवातीला कोवळा पोरगा. पुढे सम्राट एलागाबालसनेही हेच नाव उचललं. त्याच्या नाण्यांच्या मागच्या बाजूला बऱ्याचदा तारा असतो.

फाउस्टिना नावाच्या मायलेकींच्या (आई पायसची राणी, मुलगी मार्कसची) बाबतीत केशरचना कामी येते. आईचा अंबाडा डोक्यावर, मुलीचा मानेकडे.

नसलेलं नावही चिकटवू नका. सम्राट तिबेरियसच्या देनारियसवर बसलेली स्त्री त्याची आई लिव्हिया म्हणून सांगितली जाते. नाण्यावर तसं कुठेही लिहिलेलं नाही.

काराकालाचा धाकटा भाऊ गेटा याचा २११ मध्ये खून झाला, शिलालेखांतून त्याचं नाव खरवडलं गेलं. म्हणून त्याची नाणी दुर्मीळ समजून जादा पैसे मोजू नका. चांदीची भरपूर मिळतात.

वजन कमी म्हणजे नाणं बनावट, असंही नाही. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या वेळचं सुमारे ३.९ ग्रॅमचं नाणं पुढे सम्राट नीरोने ६४ मध्ये ३.४ ग्रॅमच्या आसपास आणलं. आतून तांबं डोकावत असेल, तर ती चांदीचा मुलामा दिलेली प्राचीन काळातलीच नक्कल असू शकते. नाणं साफ करायला चिंच, राख, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका.

ऑगस्टसने मुलीचे दोन मुलगे, गायस आणि लुशियस, दत्तक घेऊन वारस केले. ढाली-भाल्यांसह उभ्या असलेल्या या जोडीची नाणी दक्षिण भारतात बरीच सापडली आहेत. त्यांवर अक्षरांऐवजी नुसत्या रेघा दिसल्या, तर ‘नकली’ म्हणून फेकू नका. ती त्या काळी भारतातच केलेली अनुकृती असू शकते, आणि अभ्यासकांना तीही हवी असते.