सुट्ट्या पैशांतली टांकसाळीची चूक कशी शोधावी

वाण्याने परत केलेली मोड, एसटीच्या तिकिटाचे सुटे, देवघरातला गल्ला. नाण्यांचा छंद इथूनच सुरू करावा, कारण सदोष नाणी खरोखर चलनात येतात. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि बाजूने उजेड टाकता येईल असा टेबललॅम्प ठेवा.

आधी नाणी मूल्य आणि वर्षानुसार लावा. चूक ओळखायची तर बरोबर नाणं कसं असतं ते डोळ्यांत बसायला हवं, म्हणून त्याच वर्षाचं धडकं नाणं नेहमी शेजारी ठेवा. वर्षाखालची टांकसाळीची खूणही बघा: पत्त्यांतल्यासारखी चौकट मुंबईची, तारा हैदराबादचा, गोल ठिपका नोएडाचा. कोलकाता खूण करतच नाही, त्यामुळे खूण नसणं हा दोष नव्हे. दहाच्या काही नाण्यांवर ₹ नाही, यातही काही वावगं नाही. हे चिन्ह नाण्यांवर २०११ पासून आलं.

मग छाप फिरलेली आहे का ते तपासा. नवशिक्याच्या हाती बहुधा हाच दोष आधी लागतो. सिंहमुद्रा सरळ ठेवून नाणं वरच्या-खालच्या कडांना धरा आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं आडवं फिरवा. मागची बाजूही सरळच दिसायला हवी. थोडासा कल पुष्कळ नाण्यांत असतो, तो सोडून द्या. ती बाजू आडवी किंवा पूर्ण उलटी आली, तर नाणं वेगळं काढा.

आता कड बघा. नाण्यांच्या कोऱ्या चकत्या पत्र्यातून कापताना कापणारा पंच आधीच पडलेल्या भोकावर आला, तर नाण्याचा चंद्रकोरीसारखा तुकडा कमी राहतो. असं नाणं कानस मारूनही बनवतात. म्हणून कापाच्या नेमकी समोरची कड बघा. चकतीला कड उचलून देताना कापामुळे समोर दाब कमी पडतो, त्यामुळे खऱ्या नाण्याची तिथली कड बहुतेक वेळा चपटी, पुसट असते. घासलेल्या नाण्यात ती ठसठशीत असते. दहा-वीसच्या नाण्यांत मधली चकती सरकलेली आहे का, हेही बघून घ्या.

शेवटी भिंग. एखादी रेघ दिसली, की ती उंच आहे की खोल, एवढंच आधी ठरवा. छाप उठवणाऱ्या साच्याला तडा गेला की धातू त्यात शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. ओरखडा खोल असतो. अक्षर गायब असेल, तर साच्यात वंगण-कचरा अडकल्याची शक्यता धरा. पण भोवतालचा भाग झिजलेला असेल, तर ती नुसती झीज.

संग्राहक ज्याला ‘लखी’ म्हणतात तो दोष सुट्ट्यांत क्वचितच सापडतो. आधीचं नाणं साच्यात अडकून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याचीच छाप बसते. मग एका बाजूला चित्र नेहमीसारखं उठावदार, तर दुसऱ्या बाजूला तेच चित्र खोल आणि आरशातल्यासारखं उलटं. दोन्ही बाजूंना उठावदार सिंह दिसले, तर दोन नाणी घासून चिकटवली असावीत असाच संशय घ्या.

हा दोष चकतीतला, साच्यातला की छाप मारतानाच्या ठोक्यातला, हे प्रत्येक नाण्याला विचारा. तिन्हींत बसत नसेल, तर बहुतेक ते बाहेर ठोकलेलं, तापवलेलं किंवा रुळावर चेपलेलं असतं.

सापडलेलं नाणं चिंच, लिंबू, पितांबरी कशानेही घासू नका. मूळ चमक गेली की किंमतही गेली. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांनी नाणी खराब होतात, म्हणून पुठ्ठ्याचे होल्डर घ्या आणि त्यावर मूल्य, वर्ष, टांकसाळ आणि दोष लिहा. विकायचं झालं तर नाणे प्रदर्शनातल्या दोन-तीन विक्रेत्यांना दाखवा. व्हिडिओंतल्या लाखांच्या आकड्यांवर विसंबू नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने कुणी ‘कमिशन’ किंवा कर मागितला, तर एक पैसाही देऊ नका. बँक अशा व्यवहारांत पडत नाही, हे तिने २०२१ मध्ये जाहीर केलं आहे.