ब्लॉग हलवताय? जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका

वर्डप्रेसवरून दुसरीकडे जाताना एक्सपोर्टची एक्सएमएल फाइल (ब्लॉगचा मजकूर उतरवून दिलेली फाइल) हातात आली की लोकांना वाटतं झालं काम, पण त्यात लेख नि कमेंट्स असतात, फोटोंचे नुसते पत्ते असतात, मग जुनं होस्टिंग बंद केलं की दादरच्या फुलबाजाराचे तुमचे सगळे फोटो गायब.

१. आधी अपलोड्सचं, म्हणजे जिथे फोटो साठवलेले असतात ते, अख्खं फोल्डर उतरवून घ्या (घरच्या वायफायवर, लोकलमध्ये बसून नको).
२. जुनी साइट चालू असतानाच ती एक्सएमएल फाइल नव्या जागी इम्पोर्ट करा, आणि जुने लेख उघडून फोटो दिसतायत का बघा.
३. लिंका शक्यतो त्याच ठेवा, नाहीच जमलं तर ३०१ रिडायरेक्ट, म्हणजे जुन्या लिंकवर आलेल्याला आपोआप नव्या लिंकवर कायमचं वळवणं.

फक्त एक सांभाळा, नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलणार असाल तर एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचे मेल कुठे पोचवायचे ते सांगणारी नोंद) नव्या जागी आधीच टाका, नाहीतर डोमेनवरचे मेल येणं बंद होतं.